पेडलवरचा पाय

रेवा, ईशान,

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या आईला नाही, देवापुढे हात जोडून मनातल्या मनातही नाही. मनातल्या मनात म्हटलं तरी त्याचे शब्द होतात, आणि एकदा शब्द झाले की ते तोंडातून कधी बाहेर पडतील याचा नेम नाही — ही भीती मी इतकी वर्षं बाळगली आहे.

मराठीत लिहिते आहे, ते मुद्दाम. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, हे मला कळतं. सगळी नोकरी मी इंग्रजी शिकवण्यात घालवली. पण इंग्रजीत माझ्याकडे बेतून ठेवलेले, इस्त्री केलेले शब्द फार आहेत. त्यांच्या आड उभं राहता येतं. इथे मला आडोसा नको आहे. अडलं तर आईला विचारा — नाही, आईला विचारू नका. आधी तुम्हीच सगळं वाचा.

गेल्या महिन्यात तुम्ही फोनवर होतात. सुट्टीत इकडे आल्यावर गावी, निरवांगीला कसं जायचं, हे बोलणं चाललं होतं. बापूआजोबा न्यायला येतील, असं मी म्हटलं, आणि तुम्ही दोघं एकदम हसलात. "बापूआजोबा आणि गाडी? नको ग बाई." तुमची आईही मागून हसली. हा विनोद आपल्या घरात फार जुना आहे. लग्नकार्यात कोणीतरी करतोच. बापूच्या हातात किल्ली देऊ नका, आधी तोंडाचा वास घ्या. सगळे हसतात, बापू भाऊजीही मान खाली घालून हसतात. मीही हसते. त्या दिवशीही हसले. मग फोन ठेवला आणि बराच वेळ खुर्चीतून उठता येईना.

तो विनोद माझा आहे, मुलांनो. मी तो कधी केला नाही — पण तो जन्माला मी घातला.

तुम्हाला आपली पांढरी अँबॅसडर आठवणार नाही. तुम्ही जन्मायच्या आधीच ती गेली. नव्वदच्या दशकात आपण बारामतीत राहत होतो. आजोबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. गाडी त्यांनी कधी गॅरेजला नेली नाही. अंगणातल्या कडुलिंबाखाली ती उभी असायची आणि सुट्टीच्या दिवशी त्यांचे निम्मे पाय तेवढे गाडीखालून बाहेर दिसायचे. मी त्यांना चहा तिथेच नेऊन द्यायची.

त्या वर्षी उसाच्या बैलगाड्यांमागे गाडी वेळेवर थांबली नाही. काही झालं नाही, शेवटच्या गाडीवानाने चार शिव्या घातल्या, एवढंच. पण आजोबांनी ते मनाला लावून घेतलं. गाडीला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे, ड्रमचे ब्रेक होते. पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक बसवायचे, असं त्यांनी ठरवलं. नव्या गाड्यांना ते यायला लागले होते. पुण्याहून सामान आणलं. त्याच्याबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं आणि ते माझ्याकडे आलं. मी पायरीवर बसून वाचायची, मराठीत सांगायची, ते करायचे. सांगायला लाज वाटते, पण ते दिवस फार सुखाचे होते. बाईमाणूस असून मला कॅलिपर म्हणजे काय ते कळत होतं. मला व्यवस्थित सांगता येत होतं. आणि मी चुकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

मी चुकत नाही. या एका वाक्यावर पुढचं सगळं उभं आहे.

ब्रेक बसवून झाले की नळ्यांतली हवा काढावी लागते. ते दोघांचं काम असतं. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून तिथली छोटी चावी सैल करायची. तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर येतात. चावी पुन्हा आवळली, असा आवाज आल्याशिवाय पेडलवरचा पाय काढायचा नाही. काढला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि केलेलं सगळं पाण्यात. नळीत हवा राहिली की पेडल मऊ लागतं, पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. हे पुस्तकात ठळक अक्षरांत होतं. मीच ते आजोबांना दोनदा वाचून दाखवलं होतं. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "कळलं, बाई. पाय तुझा आहे, माझा नाही."

सामान यायला उशीर झाला आणि हवा काढायचं काम नेमकं खंडेनवमीला सकाळी आलं.

त्या दिवशी घरातली हत्यारं पूजेला लावतात, हे तुम्ही ऐकलं असेल. निरवांगीला कोयते, खुरपी, नांगराचा फाळ. आमच्याकडे आजोबांचे पाने, हातोडी, जॅक. माझ्या सासूबाईंचा — तुमच्या पणजीचा — नियम कडक होता. हत्यारांना एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आणि पूजा नैवेद्याच्या आत. आम्ही गाडीशी, त्या ओसरीवर. पुरणाचा घाट संपत आलेला. त्या दर थोड्या वेळाने हाक मारत होत्या. "अगं ए इंग्रजी मास्तरीण, त्या बुकात निवद कवा दावायचा त्ये लिवलंय का बघ की." आजोबा चाकाशी बसल्या बसल्या हसत होते. शेवटचं चाक राहिलं होतं. तेवढं झालं की पाने धुऊन पाटावर मांडायचे.

आजोबा म्हणाले, "दाब." मी दाबलं. "धर." मी धरलं. चावी सैल झाल्याचं मला पायाखाली कळलं. पेडल हळूच खाली सरकतं, तसं. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. सासूबाईंना कसलाच वास येत नसे. मी मान वळवली — आणि माझा पाय उचलला गेला.

क्षणभरच. लगेच परत ठेवला. आजोबा चाकाच्या पलीकडे होते, त्यांना दिसलं नाही. त्यांनी चावी आवळली, म्हणाले, "सोड. आता दाबून बघ. कडक लागतंय?"

मी दाबलं. पाय खाली गेला. ओल्या पिठात जावा तसा.

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं? अहो, माझा पाय सुटला, परत करू या. एवढंच. परत म्हणजे सगळ्यात लांबच्या चाकापासून पुन्हा पहिल्यापासून. पाने पूजेला लागणार नाहीत. सासूबाई बोलतील. ते सगळं मला चाललं असतं. चाललं नसतं ते वेगळंच. आजोबा गाडीखालून मान काढून माझ्याकडे बघतील आणि हसून म्हणतील, "बघ, शेवटी तूच चुकलीस" — ते मला सहन होणार नव्हतं. इतकी छोटी गोष्ट होती ती. तुम्हाला पटेल का, एवढ्यासाठी माणूस खोटं बोलतो?

मी म्हटलं, "कडक आहे."

आणि याच्यापुढे जे केलं ती नुसती चूक नव्हती. पुस्तकात हेही लिहिलं होतं की मऊ पेडल भराभर चारदोनदा दाबलं तर तेवढ्यापुरतं कडक लागतं, त्याला फसू नका. ते उठून माझ्या दाराशी येईपर्यंत मी पेडल भराभर दाबलं. त्यांनी हात पुसत पुसत आत वाकून तळव्याने दाबून पाहिलं. घट्ट लागलं. खूश झाले. म्हणाले, उद्या सोनं वाटून झालं की गल्लीत हळू चालवून बघतो, मगच रस्त्यावर काढायची. मला हायसं वाटलं. उद्या त्यांनाच कळेल, मला सांगावं लागणार नाही, असं मी स्वतःला समजावलं. पाने धुतले, पाटावर ओळीने मांडले, लहानमोठे लावून. गाडीला झेंडूची माळ घातली. चाकांखाली लिंबं ठेवली. नमस्कार करताना माझे डोळे गाडीकडे जात नव्हते.

दसऱ्याला सकाळीच खात्याची जीप आली. कालव्याच्या एका दाराचं काहीतरी अडलं होतं. आजोबा चहा घेऊन निघून गेले. गाडी अंगणात, किल्ली खिळ्यावर.

दुपारी बापू भाऊजी सोनं द्यायला आले. आजोबांचे हे धाकटे भाऊ. निरवांगीची शेती तेच बघायचे. पूर्वी ते पीत असत. चांगलेच पीत असत, लपवण्यासारखं काही नाही. त्या उन्हाळ्यात त्यांनी आईच्या पायावर हात ठेवून सोडली होती. घरात सगळे अजून त्यांच्याकडे जरा तिरकेच बघत. भाऊजी सासूबाईंच्या पाया पडले, मला पानं दिली आणि म्हणाले, "वहिनी, गाडी न्यू का? आईला गावाकडं दसऱ्याला न्यायची हाय. यष्टीच्या गर्दीत कुठं चढवू तिला? सांच्याला आणून सोडतो."

सासूबाई तर तयारच होत्या. नवं लुगडं नेसून पायरीवर येऊन बसलेल्या.

मुलांनो, इथे मी थांबवू शकत होते. एक वाक्य पुरलं असतं, आणि खरं सांगायचीही गरज नव्हती. यांनी गाडी अजून चालवून पाहिलेली नाही, तेव्हा नको — हे खोटंही नव्हतं. पण भाऊजींनी विचारलं असतं, का हो वहिनी, काल झालं न्हवं काम? आजोबांना त्यांनी सांगितलं असतं. मग आजोबांनी मला विचारलं असतं. माझ्या डोक्यात हे सगळं भराभर पुढे पळत गेलं, आणि सगळ्याच्या शेवटी मी उभी होते, चुकलेली. शिवाय मला वाटलं, इतकं काही मऊ नव्हतं. वाटलं म्हणजे, वाटून घेतलं.

मी खिळ्यावरची किल्ली काढून दिली. म्हटलं, "सावकाश जा हं, भाऊजी."

गाडी लिंबं चिरडत फाटकाबाहेर गेली. ती लिंबं मला अजून दिसतात.

नंतरच्या वेळात मी काय केलं ते मला नीट आठवतं. मी कपाट आवरलं. आधीच आवरलेलं कपाट पुन्हा काढून पुन्हा लावलं. इंदापूर रस्त्यावरून आता ते कुठे असतील याचा हिशोब मनात चालू होता. इथे गर्दी असते, तिथे उसाचे ट्रॅक्टर, पुढे वळण, मग निरवांगीकडे जाताना चारीवरचा, छोट्या कालव्यावरचा, पूल — त्याच्या चढावर पलीकडचं काही दिसत नाही. घरात फोन होता. कालव्यावरच्या चौकीला फोन लावून आजोबांना सांगता आलं असतं. जीप गेली असती मागे. मी दोनदा रिसीव्हर उचलला. काय सांगणार होते? उचलून ठेवला. भीती माणसाला ओरडायला लावते, असं आपण समजतो. मला तिने गप्प केलं.

पुलाच्या उतारावर मेंढरं आडवी आली. भाऊजींनी ब्रेक दाबला आणि पाय तळाला गेला. मेंढरांत, मेंढक्यांच्या बायकामुलांत गाडी घालण्यापेक्षा त्यांनी ती रस्त्याखाली घेतली. बाभळीवर आदळली. भाऊजींच्या कपाळाला टाके पडले. सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं.

इंदापूरच्या दवाखान्यात आम्ही पोहोचलो तेव्हा आतून सासूबाईंचा आवाज येत होता. तो आवाज मी लिहून दाखवू शकत नाही. भाऊजी व्हरांड्यात बाकावर होते, सदऱ्यावर रक्त वाळलेलं. आजोबांना बघून उठले.

"दादा, पायडल पार खाली गेलं. बिरेकच लागला न्हाय."

येताना वाटेत उतरून आजोबांनी गाडी बघितली होती. पुढचं चाक आणि नळ्या सगळं चेचलं होतं, तेल सांडलं होतं. त्यात तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, त्यांना आपल्या हातांची भीती वाटते आहे. त्यांनी अगदी हळू विचारलं, "तू बसली होतीस पेडलवर. कडक होतं ना?"

भाऊजी माझ्याकडे बघत होते. दोघेही बघत होते.

"होतं," मी म्हटलं. "तुम्हीही हाताने दाबून पाहिलंत की."

आजोबांनी श्वास सोडला. मग भावाकडे बघून म्हणाले, "किती घेतली होतीस?"

"आईची आण, दादा. थेंब न्हाय. वहिनीनी निघताना सांगितलं हुतं, सावकाश जावा. मी सावकाशच हुतो. इचारा त्यांनाच."

भाऊजींनी हे माझ्याकडे हात करून सांगितलं — विश्वासाने, आपला साक्षीदार दाखवावा तसं. आजोबा म्हणाले, "म्हणजे हिला वास आला होता. ही उगाच असं म्हणायची नाही."

मी तिथे उभी होते. माझं तोंड शाबूत होतं. मी काहीच बोलले नाही. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, वाट पाहिली, आणि मग खाली बसले. तेव्हापासून ते ठरलं. मी वहिनी, जिने आधीच ओळखलं होतं. आणि बापू, ज्याने पिऊन आईला पांगळं केलं.

सासूबाई सांगायच्या. पडल्या पडल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, माझ्या बापूनं घेतली नव्हती, मी शेजारी बसले हुते, मला कळत न्हाय व्हय? लोक मान हलवायचे. बाहेर आल्यावर म्हणायचे, आईची माया, आणि तिला कुठे वास येतो. त्या पुन्हा आधाराशिवाय चालल्या नाहीत. त्यांचं सगळं मी केलं, अगदी शेवटपर्यंत, आणि अख्ख्या गल्लीत माझं नाव झालं. सून असावी तर अशी. हे फेडणं होतं असं समजू नका. त्या बऱ्या दिसल्या की मला भीती वाटायची. आज त्या काही आठवून बोलतील, उद्या बोलतील. त्या दिवशी मास्तरीण पेडलवर असताना अशी दचकली का, असं विचारतील. त्यांना अंघोळ घालताना मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत नसे.

त्या वर्षाच्या शेवटी भाऊजींनी पुन्हा प्यायला सुरुवात केली. मला कळलं तेव्हा — हे लिहायला हात धजत नाही, पण लिहिते — तेव्हा मला पहिल्यांदा शांत झोप लागली. आता आपलं खोटं खरं दिसेल, असं वाटलं. आजोबांनी निरवांगीला जाणं सोडलं. दोघा भावांत पुढे फक्त मयताला आणि लग्नाला बोलणं होई. गाडी भंगारात गेली, पाने आजोबांनी कोणाला तरी देऊन टाकले. त्यांनी परत कधी गाडीखाली पाठ टेकली नाही. मी कारण विचारलं नाही. त्यांच्या मनात कुठेतरी शंका होती का? माझी होती, की स्वतःच्या हातांची? मला माहीत नाही. विचारायची हिंमत नव्हती, कारण विचारलं असतं तर त्यांनीही काही विचारलं असतं.

शेवटच्या आजारात ते एकदा म्हणाले, बापूला बोलावून घे. मी हो म्हटलं. आणि बोलावलं नाही. दोघे समोरासमोर बसतील, त्या दिवसाचं निघेल, दोघांचं बोलणं जुळेल आणि मग मीच तेवढी उरेन — या भीतीने बोलावलं नाही. दोन दिवसांनी ते परत म्हणाले. मी म्हटलं, निरोप धाडलाय, शेतात पाणी आहे म्हणे, येतील. ते गेले तेव्हा भाऊजी नव्हते.

दहाव्याला भाऊजी आले. पंगत उठल्यावर ओसरीवर माझ्यापासून थोडं दूर बसले. केस पार पांढरे झालेले. म्हणाले, "दादानं बलावलं असतं तर मी रांगत आलो असतो, वहिनी. पर त्येनी बलावलंच न्हाय."

मी पदर सारखा करून म्हटलं, "चहा ठेवते."

आत आले, पाणी ठेवलं, ते उकळलं, आटलं. मी गॅससमोर उभी राहिले. बाहेर त्यांच्या वहाणांचा आवाज झाला, फाटक वाजलं, तरी मी उभीच होते.

आजोबांनी बोलावलं होतं. दोनदा बोलावलं होतं. आणि त्या दसऱ्याला बापू भाऊजी प्याले नव्हते.

— आजी